चाव्यांचा खुळखुळा

चैत्राची दुपार. ताम्रवर्णी, तप्त, निःशब्द. पळस विझलेले, पाखरं पानाआड. आणि त्या निःशब्दाला करकर करकर कापीत माळावरून घिसाड्यांची गाडी आली.

गाडीत ऐरण, भाता, ओली बाळंतीण आणि तिच्या कुशीत कमळकळीएवढी नात. गाडीपुढे झुंबरबाई: अग्निसखी, घणहस्ता. तिला सुनेसाठी हवी होती विहिरीवरच्या पिंपळाची सावली अन् घागरभर पाणी. बस.

पण घिसाडी आले म्हणजे कोंबड्या जाणार, पोरं जाणार, वाळत घातलेली धोतरंही जाणार, हे गावाला दुधाच्या दातांपासून ठाऊक.

"ए घिसाडणी, ऊन कलायच्या आत हल इथनं!" केरबा पाटील गरजले.

मग दाराला कुलूप, गोठ्याला कुलूप, खुराड्याला कुलूप. भय एवढं उदात्त, की मारुतीलाही कुलूप. चोराचा हात पोचू नये म्हणून साऱ्या चाव्या एका घागरीत, अन् घागर दोरानं विहिरीत. तो मंगल सोहळा पाहायला आबालवृद्ध घराबाहेर.

दोर हातून सुटला. डुबुक.

वर्तुळं उठली, विस्तारली, विरली. गाव बाहेर, घरं बंद. घागर काढायचा गळ घरात. पहार घरात. पाटलांची टोपीसुद्धा घरात. आणि सूर्य नेमका त्यांच्या टकलावर.

झुंबरबाई गाडीला बैल जुंपत होती. पाटील खाकरले.

"अहो बाई... जरा आमच्या घरात शिरता का?"

"आधी माझी सून सावलीत बसंल."

"पाटावर बसवतो!"

"पाट घरात हाय," मागून कुणीतरी आठवण करून दिली.

सून पिंपळाखाली टेकली, आणि घण उठला. विजेसारखा उठला, मेघासारखा कोसळला. खण्ण! पहिल्या दारातून हलगी बाहेर आली. मग पुढे कुलपं फोडीत घिसाडीण, मागे हलगीच्या ठेक्यावर नाचतं गाव. "आता आमचं फोडा, मावशी!" "रांगेत या की वो!" कुंकू लावून घरं फोडून घेतली लोकांनी. मारुतीसाठी तर नारळही फुटला.

ऊन कललं. कुणी कुणाला हलवलं नाही.

झुंबरबाईनं स्वतःच्या हातानं गळ सोडला. घागर वर आली, जलगर्भा, झळाळती. सुनेची ओंजळ भरली, पुन्हा भरली. तळाशी साऱ्या गावाच्या चाव्या.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," पाटील म्हणाले. "कुलूपच न्हाई, तर चावी काय चाटायची?"

झुंबरबाईनं त्या दोऱ्यात ओवल्या, पिंपळाला बांधलेल्या नातीच्या झोळीवर टांगल्या. सांजवारा आला. सताड उघड्या दारांच्या गावावर, चिमुकल्या तळपायाच्या एका लाथेसरशी, खुळखुळ वाजलं रुपेरी झुंबर. खुळखुळ, खुळखुळ, खुळखुळ.