फिरकीचं कार्ड

एडगर गारसाइडचं सगळं आयुष्य हातवारे करण्यात गेलं, त्यामुळे तोंडाने बोलायची वेळ आली की त्याची बोबडी वळायची. हेल्मस्टनच्या रेसकोर्सवर तो बुकींचा इशारेवाला होता. पांढरे हातमोजे घालून लाकडी खोक्यावर उभं राहायचं, आतल्या महागड्या आवारातले भाव बाहेरच्या स्वस्त आवारात पोचवायचे आणि तिकडचे इकडे आणायचे, हा त्याचा धंदा. मनगटाला हात लावला की सव्वापट, कानाला दीडपट, खांद्याला पावणेदोन, दोन्ही हात डोक्यावर ठेवले की सव्वादोन. छातीवर हातांची घडी घातली की तेहेतीसपट, म्हणजे त्या घोड्याचं सगळं देवाच्या हाती. परक्या माणसाला वाटावं, याच्या अंगात तरी आलंय नाहीतर याला ढेकूण तरी चावतायत.

भाव असा उघड्यावर दाखवायचा म्हटलं की फुकटे टपलेले असायचेच. म्हणून घोड्याचा नंबर कधी खरा दाखवायचा नाही. एडगर शर्यतींच्या दर दिवशी सकाळी घरी बसून नंबरांची अदलाबदल करायचा. दारावर विकतात त्या छापील कार्डावरचा दोन नंबर इशाऱ्यात पाच व्हायचा, नऊचा तीन व्हायचा, आणि प्रत्येक शर्यतीला वेगळी भानगड. याला ते लोक फिरकी म्हणत. ज्या बुकीने फिरकीचं कार्ड विकत घेतलं त्यालाच इशारा कळणार, बाकीच्यांनी खुशाल बघत बसावं.

बाहेरच्या आवारातल्या खोक्यावर पंचवीसेक वर्षं त्याचा मेहुणा एमस डंकर्ली उभा राहायचा. धाकट्या बहिणीचा, नेलचा नवरा. दोघांच्या मध्ये कठडा, गर्दी आणि हाक पोचणार नाही एवढं अंतर, पण त्यांचं जितकं बोलणं झालं तितकं नवराबायकोतही होत नाही. एमस मार्चमध्ये गेला. छातीत कळ आली आणि संपलं. नेलने मग त्याच बाहेरच्या कठड्यापाशी चहाच्या तंबूत काम धरलं. लोक म्हणाले, बिचारीला पैशाची नड असेल. पोरगा मिळवता असताना नड कसली, असं एडगरला वाटलं होतं, पण त्याने विचारलं नाही.

एमसच्या जागी आता स्टॅन नावाचा एक सुस्त माणूस होता. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी तो तापाने आडवा झाला आणि आलाच नाही. एडगरने फिरकीची कार्डं आपल्या बुकींना वाटली, स्टॅनचं कार्ड खिशात टाकलं आणि एकट्यानेच खोक्यावर चढला.

दुसऱ्या शर्यतीआधी त्याने सवयीने बाहेरच्या आवाराकडे पाहिलं. स्टॅनच्या रिकाम्या खोक्यावर एमस उभा होता.

तपकिरी कोट, कानावर ओढलेली टोपी, पांढरे हातमोजे. तोंड धुक्यात नीट दिसत नव्हतं, पण एडगरला तोंडाची गरजच नव्हती. अक्षर ओळखावं तसा या धंद्यात हात ओळखतात. एमस कोपर अंगाला चिकटवून इशारा करायचा, थंडी वाजत असल्यासारखा, आणि समोरचा माणूस तस्साच करत होता. त्याच्या खोक्याला खेटून लोक सॉसेजचे पाव खात चालले होते, एकाचंही वर लक्ष नव्हतं.

एमसने पाच बोटं दाखवली आणि तळहात छातीसमोरून आडवा फिरवला. पुसा. पाटीवरून हा घोडा पुसा. यात काहीतरी काळंबेरं आहे, अशी कुणकुण लागली की देतात तो हा इशारा. एडगरचं डोकं बधिर झालं होतं, पण हात इतक्या वर्षांच्या सवयीचे गुलाम. त्याने फिरकी पाहिली. पाच म्हणजे खरा दोन. त्याने वळून खालच्या बुकीला, हर्बर्ट ओल्डरॉइडला, दोन नंबर पुसायला लावला.

ओल्डरॉइडने कुरकुरत पुसला. घोडे सुटले, आणि समोरच्याच बाजूला, उडी मारायच्या कुंपणावर दोन नंबर घसरून तोंडावर आपटला. त्याच्यावर अडखळून मागचा पाच नंबरही कोसळला. दोनचा जॉकी उठला आणि शिव्या देत चाबूक गवतावर आपटू लागला. पाचच्या जॉकीला मात्र गाडीत घालून न्यावं लागलं. एडगरने ते पाहिलं, पण त्याच्या मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती: एमसने सांगितलं आणि दोन नंबर पडला.

ओल्डरॉइड भडकला. "अरे शहाण्या, पडणाऱ्या घोड्यावर लोक पैसे लावतात म्हणून तर आमची चूल पेटते. नेमका तोच मला पुसायला लावलास? तू माझा इशारेवाला आहेस की त्यांचा?"

"पलीकडून आला इशारा," एडगर म्हणाला.

"पलीकडून? स्टॅन तर अंथरुणात आहे. कोण आहे तिकडे?"

ओल्डरॉइडने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तोंडाला चुना फासलाय का रे? जा, नेलच्या तंबूत जाऊन काहीतरी गरम घशाखाली घाल."

तो गेला नाही. नेलला काय सांगणार? तुझा नवरा तुझ्या तंबूपासून दहा पावलांवर उभा आहे म्हणून? आधीच पोरगी खंगलेली, उगाच जखमेवर मीठ नको, असं त्याने ठरवलं. तिसऱ्या शर्यतीभर तो बाहेरच्या आवाराकडे पाठ करून उभा राहिला. ओल्डरॉइडच्या तोंडची लाखोली त्याने मुकाट्याने ऐकून घेतली.

पण चौथ्या शर्यतीला पाठ करून चालणार नव्हतं. चौथ्या शर्यतीत डेरिक होता. नेलचा आणि एमसचा एकुलता एक, बावीस वर्षांचा, अडथळ्यांच्या शर्यतीतला जॉकी. बापाला हा धंदा अजिबात पसंत नव्हता. "भाव सांगून पोट भरतंय ना आपलं, मग मान कशाला मोडून घ्यायची," असं तो म्हणायचा, आणि पोराच्या शर्यतीला डोळे मिटून घ्यायचा. मार्चपासून डेरिकला रागावणारं कोणी राहिलं नव्हतं. मामाने ते काम करावं अशी नेलची फार इच्छा, पण मामा पडला मुका.

घोडे पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी फिरवतात त्या रिंगणात, फिरायला लागले तेव्हा एडगरने भीतभीत मान वळवली. एमस होताच. या वेळी त्याचे हात घाईने चालले होते. चार बोटं, आणि आडवा तळहात. चार, पुसा. चार, पुसा. जिवंतपणी एमसने एक इशारा दोनदा कधी दिला नव्हता. समोरच्याला कळत नसेल तर त्याने दुसरा धंदा बघावा, असं त्याचं मत.

डेरिकच्या घोड्याचा नंबर चार होता. एडगरने घाईने फिरकी उघडली, चौथ्या शर्यतीच्या रकान्यावरून बोट फिरवलं, आणि त्याचा श्वास मोकळा झाला. चार म्हणजे खरा सात. कॉपर बीच नावाचा दांडगा तांबडा घोडा, लगामाला न जुमानणारा, दोनदा जॉकीला फेकून दिलेला. आपला नाही. त्याला बरं वाटलं. दुसऱ्याच्या पोरावर संकट आहे हे कळल्यावर आपल्याला बरं वाटावं याची त्याला लाज वाटली, पण बरं वाटलं ते वाटलंच.

तो खोक्यावरून उतरला आणि धावत सुटला. या वयात आणि त्या पोटावर एडगरला धावताना हेल्मस्टनने प्रथमच पाहिलं. मागून ओल्डरॉइड ओरडत होता, पण त्याने लक्ष दिलं नाही.

पॅडॉकच्या कठड्याशी आधी सात नंबरच आला. वर लॅव्हरिक नावाचा काटकुळा जॉकी होता. एडगर म्हणाला, "उतर बाबा. आज याच्यावर बसू नकोस."

"का? भाव पडत नाहीये का तुमचा?" लॅव्हरिक हसला. "आजोबा, जॉकीला उतरवायचं असेल तर बुकी निदान बाटली तरी पाठवतो." आणि पुढे गेला.

त्याच्या मागून डेरिक आला. मामाला पाहून त्याने लगाम खेचला. "मामा? तुम्ही आणि खोक्याच्या खाली? आग लागलीय का कुठे?"

"डेरिक, ऐक. सात नंबरच्या मागे राहू नकोस."

"सातच्याच मागे राहायचं ठरलंय. तो आतून पळतो, वाट मोकळी करून देतो. मालकाने तसंच सांगितलंय."

"मालक गेला खड्ड्यात. सात पडणार आहे. खंदकाचं कुंपण सगळ्यांत वाईट, तिथे तू त्याच्या मागे असलास तर त्याच्यावर जाऊन आदळशील. तू बाहेरच्या अंगाने घे."

डेरिकने नाक मुरडलं. "बाहेरच्या अंगाला चिखलाची राबडी झालीय नुसती. सकाळी चालून बघितलंय मी."

"असू दे राबडी. कपडे धुता येतात."

"पण तुम्हाला कोणी सांगितलं तो पडणार म्हणून?"

एडगरच्या ओठांवर नाव आलं होतं. "ज्याचं आजवर चुकलं नाही त्याने," तो म्हणाला. "मी तुला आजपर्यंत काही सांगितलंय का? कधी एक शब्द तरी?"

डेरिकचा चेहरा मऊ पडला. "नाही सांगितलंत. आई म्हणते मामाने जन्मात एक शब्द सांगितला तर तो सोन्याचा असेल." त्याने टोपीचा पट्टा घट्ट केला. "बरं. बाहेरून घेतो. तुमच्यासाठी."

एडगर परत खोक्यावर आला तेव्हा त्याला वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. त्याने पलीकडे पाहून एमसला इशारा केला: मिळालं. काम झालं. एमसने उत्तर दिलं नाही. त्याचे हात चालूच होते, चार, पुसा, चार, पुसा, आणि आता कोपरं अंगापासून सुटली होती, हात डोक्यावर चालले होते. धंद्यात नवख्या पोरालाही कोणी इतकं फोडून सांगत नाही.

घोडे सुटले. पहिल्या फेरीत कॉपर बीच आतून सुसाट निघाला आणि डेरिकचा घोडा त्याच्या शेपटीला. एडगर मनात घोकत होता, बाजूला हो, पोरा, बाजूला हो. खंदकाच्या कुंपणाआधी डेरिकने मामाचं ऐकलं. आतली चांगली, कोरडी वाट सोडून त्याने घोडा बाहेर काढला. कॉपर बीच आतून पक्ष्यासारखा उडाला आणि पलीकडे चारी पायांवर उतरला. बाहेरच्या राबडीत डेरिकच्या घोड्याचा पाय उडी घेतानाच सरकला. तो छातीने कुंपणावर आदळला, उलटला, आणि ज्या बाजूला डेरिक होता त्याच बाजूला पडला.

भोंग्यातून आवाज आला, चार नंबर पडला. मग सातने शर्यत जिंकल्याचं आलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. कुंपणापाशी हिरव्या कापडाचे आडोसे उभे राहिले. घोडा दुखावला तरी ते लावतात, म्हणून एडगर त्यांच्याकडे आशेने बघत राहिला. तेवढ्यात घोडा उठून लंगडत बाहेर आला, आणि आडोसे तसेच राहिले.

त्याने पलीकडे पाहिलं. एमसचे हात थांबले होते. दोन्ही बाजूंना लोंबत होते.

आणि तेव्हा, फार उशिरा, एडगरला कळलं. फिरकी त्याने आज सकाळी केली होती. आजचं कार्ड मेलेल्या माणसाला कोण नेऊन देणार? एमसकडे कुठलीच फिरकी नव्हती. तो सरळ नंबर सांगत होता, दारावर विकतात त्या कार्डावरचा, कुणाही येड्यागबाळ्याला वाचता येईल असा. पाच म्हणजे पाच, आणि पाचचाच जॉकी गाडीतून गेला होता. चार म्हणजे चार. सगळ्या मैदानात हा इशारा चुकीचा वाचू शकेल असा एकच माणूस होता, आणि बापाने विश्वासाने नेमका त्यालाच सांगितला.

तो गर्दीतून कुंपणाकडे निघाला. त्याचा वेग संपला होता. वाटेत चहाच्या तंबूबाहेर नेल उभी होती, अंगात एप्रन तसाच. ती रडत नव्हती. पोरगा गेल्याचं डॉक्टर येऊन सांगून गेला होता हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"तुलाही दिसला ना तो?" ती म्हणाली.

एडगरने मान डोलावली.

"मला मार्चपासून दिसतोय. म्हणून तर इथं चहा विकते मी. नुसता उभा असायचा, कधी हात हलवले नाहीत. आज हलवले." ती शांतपणे बोलत होती, घरातली गोष्ट सांगावी तशी. "तुमची ती फिरकीबिरकी मला येत नाही. पण बोटं मोजता येतात, आणि पुसा म्हणजे काय ते सव्वीस वर्षांच्या संसारात कळतं. कार्डावर बघितलं तर चार म्हणजे आपला डेरिक. हातातली किटली टाकून मी निघालेच होते रे, एडगर. त्याला घोड्यावरून ओढून काढणार होते, सगळ्यांदेखत."

"मग?"

"मग तू पळताना दिसलास. तू, पळताना. म्हटलं, याला कळलंय, हा पोचतोय पोरापाशी. कठड्याशी तू त्याच्याशी बोललास, त्याने मान डोलावली, तेही बघितलं इथून. आणि मी आत येऊन परत चहा गाळायला लागले."

तिने भावाचा पांढरा मोजा घातलेला हात आपल्या हातात घेतला.

"काय सांगितलंस त्याला?"