म्हातारबाची गोळी

कुत्रा न विचारता घरी आणला, एवढाच माझा गुन्हा. मी काम करते त्या बेकरीच्या मागे बेवारस जनावरांचं शेल्टर आहे, तिथे तो दाराशी अंग टाकून खोकत होता. बारा वर्षांचा, एक डोळा दुधाळ, हृदय सुजलेलं, छातीत पाणी. शेल्टरची बाई म्हणाली, "दोन महिने सांभाळा. जरा सावरला की कायमचं घर बघू." असल्या म्हाताऱ्याला कोण घर देणार, हे तिलाही माहीत होतं नि मलाही. त्याच संध्याकाळी मी त्याला घेऊन आले.

आमच्या ह्यांनी दारातच सांगून टाकलं, "हा तुझा. मी ह्याला हात लावणार नाही." तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण बोललेला शब्द कधी रिव्हर्स घेत नाही. मी तरी कमी कशाला पडतेय? म्हटलं, "नका लावू. तुमच्यावाचून कुणाचं अडलेलं नाही." झालं, तिथून अबोला सुरू.

अबोला आमच्यात नवा नाही, पण ह्या खेपेला मध्ये म्हातारबा होता. कुत्र्याचं नाव मी तेच ठेवलं होतं. हे त्याच्याकडे बघून म्हणायचे, "म्हातारबा, साखर संपलीय म्हणावं." मी म्हणायचे, "म्हातारबा, दुकान कुठे पळून गेलेलं नाही म्हणावं." तो बिचारा एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवायचा.

औषधात मुख्य म्हणजे एक गोळी होती, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी. रोज सकाळी एक. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी वर गोळीचं नाव लिहून महिन्याचे रकाने आखलेला कागद दिला होता. गोळी दिली की खूण करायची. मी तो फ्रिजवर चिकटवला आणि एकही खूण केली नाही. भट्टीवरच्या शंभर पावांची वेळ मी डोक्यात ठेवते, एका गोळीला कसली लिखापढी? पहाटे पाचला निघताना ब्रेडच्या तुकड्यात दाबून भरवायची आणि डबी पर्समध्ये टाकायची. ह्यांच्या आवराआवरीत वस्तू गडप होतात म्हणून.

आठवड्यात खोकला थांबला. दहाव्या दिवशी म्हातारबा आपल्या पायांनी जिना चढला, तेव्हा मी अख्ख्या बेकरीला सांगत सुटले. मग तो पाणी फार प्यायला लागला. मला वाटलं, चांगलंच आहे, अंगी लागतंय. सतराव्या दिवशी त्याचे मागचे पाय लटपटले. एकोणिसाव्या दिवशी त्यानं खाणं सोडलं आणि उलटी केली. मी अबोलाबिबोला विसरले. "अहो, उचला ह्याला," म्हटलं, आणि ह्यांनी त्याला छातीशी धरून टॅक्सीत ठेवलं.

ह्यांना सुई बघवत नाही, म्हणून ते बाहेर बाकावर बसले. आत डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट बघत म्हणाल्या, "किडन्या गेल्यात. अंगात पाणीच उरलेलं नाही. गोळी किती देत होता?"

"एक. सकाळी."

"चुकून दोनदा?"

"मी काय दूधखुळी आहे का?"

"घरात आणखी कुणी देत असेल?"

"कोण देणार? ते? ते त्याला शिवतसुद्धा नाहीत."

दोन दिवस सलाइन चालू होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी, माझ्या मांडीवर डोकं असताना, तो गेला. मी त्याच्या कानात "चल, घरी जाऊ" म्हणत होते.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. "माझंच काहीतरी चुकलं," एवढंच तोंडातून निघत होतं. हे गुडघे धरत माझ्या शेजारी बसले. माझ्याशी इतकं जवळ बसून बोलल्याला महिना होत आला होता.

"नको जिवाला लावून घेऊस," ते म्हणाले. "गोळीत खंड पडलेला नाही. पहिले दोन दिवस मी बघितलं, रकाने कोरे. म्हटलं, ही विसरतेय, विचारावं तर अंगावर येईल. मग तोच कागद दाखवून मी औषधांच्या दुकानातून गोळ्यांचं पाकीट आणलं. तू गेल्यावर रोज सातला गुपचूप देत होतो. एक दिवस चुकवला नाही." त्यांनी तर्जनी माझ्यापुढे धरली. "माझ्या हातचं खायचा गं. बोटं चाटायचा."

पाचला माझी, सातला त्यांची. आम्ही दोघांनी मिळून त्याला मारलं होतं. मी कागदावर एक रेघ ओढली असती, त्यांनी एकदा तोंड उघडलं असतं, तर म्हातारबा आत्ता पायांत लुडबुडत असता. भयंकर राग आला. सगळं जिभेवर आलं होतं, आणि मी ते ह्यांना ऐकवणारच होते. पण ते डोळे पुसत होते आणि आपली तर्जनी दुसऱ्या हातानं कुरवाळत होते.

"बरं केलंत," मी म्हटलं. "माझ्या खरंच ध्यानात राहत नव्हतं."

"वाटलंच मला." ते रडता रडता जरासे हसले. "पुढच्या वेळी आणशील ना एखादा, तेव्हा गोळ्या माझ्याकडे. तुझा काही भरवसा नाही."

"बरं," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोर रडायला नको म्हणून भांडी घासायला उठले.