ताईंसाठी मांडलेला कॉम्प्युटर

मित्रांनो, मला जुना म्हणावं तर मी फारसा वापरलेला नाही, आणि नवा म्हणावं तर आता मला कुणी नवा मानत नाही. मी आहे तळहाताएवढा एक मदरबोर्ड. छोट्या कॉम्प्युटरचा सगळा कारभार ज्या हिरव्या पट्टीवर चालतो, ती पट्टी म्हणजे मी.

कारखान्यात हातमोजे घातलेल्या बायकांनी मला उलटसुलट तपासून पास केलं, तेव्हा वाटलं होतं, आता आपल्यावर कुणी शंका घेणार नाही. किती भाबडा होतो मी!

मला विकत घेतलं चित्रकलेच्या एका सरांनी. त्यांच्या थोरल्या बहिणीची नजर अधू झाली होती, आणि वाचनाचं वेड तर जबरदस्त. सरांनी ठरवलं, ताईसाठी एक छोटा कॉम्प्युटर बनवायचा, पुस्तकाची पानं मोठ्ठ्या अक्षरांत दाखवणारा. लाकडी पेटी त्यांनी स्वतः घासून गुळगुळीत केली. झाकणात स्क्रीन बसवली, तळाशी मला पक्कं केलं. पहिल्यांदा मी चालू झालो आणि स्क्रीनवर बोटभर उंचीचा 'अ' उमटला, तेव्हा सर एकटेच खुदकन हसले.

आणि थोड्याच दिवसांत काम थांबलं. का थांबलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पेटी कपाटावर गेली. अंधारात माझ्या मनात नको नको ते येऊ लागलं. माझ्यातच काही खोट निघाली असेल का? मग मला थंड ठेवायला शेजारी बसवलेल्या छोट्या पंख्यावर संशय घेतला. तो बिचारा अजून धड फिरलासुद्धा नव्हता.

पुढे एके दिवशी सरांनी आम्हाला सुटं केलं आणि विकायला जाहिरात टाकली. स्क्रीन लगेच गेली. मला बघायला आल्या एक टायपिस्ट बाई.

"अर्धवट का सोडलंत?" बसता बसताच त्यांनी विचारलं.

"वेळच मिळत नाही हो," सर म्हणाले.

बाईंनी पर्समधून भिंग काढून मला डोळ्याशी धरलं. "जाहिरातीत लिहिलंय, मोठा कॉम्प्युटर घेतला म्हणून विकतोय. कुठाय तो मोठा?"

सर टेबलावरची वायर उगाच गुंडाळू लागले.

"बरं, चालू करून दाखवा."

सरांनी वायर जोडली. मी जीव खाऊन माझा दिवा लावला.

"दिवा काय, खेळण्यातल्या गाडीचाही लागतो. चित्र दाखवा."

"स्क्रीन विकली गेली."

"मग टीव्हीला जोडा."

"ती केबल स्क्रीनबरोबरच दिली."

"सगळं कसं सोयीचं आहे! चोरीचा माल नाही ना हा?"

दारात उभ्या असलेल्या सरांच्या बायकोला हे सोसलं नाही. "अहो, खरं काय ते सांगून टाका ना! बाई, हे त्यांच्या ताईंसाठी करत होते. भाच्यानं ताईंना भारीतला फोन घेऊन दिला, तेव्हापासून ह्यांनी हातच लावला नाही."

"नको म्हणाल्या ताई?"

"भाचा म्हणाला, आईला आता सगळं फोनवरच मिळतं," सर पुटपुटले.

"म्हणजे त्यांना विचारलंच नाहीत! लावा फोन, माझ्यासमोर. ताई खरंच आहेत की नाहीत, तेही कळू दे."

सरांनी फोन लावून टेबलावर, माझ्या शेजारीच ठेवला. "ताई, तो कॉम्प्युटर... तुला आता नकोच आहे ना?"

पलीकडून ताईंचा आवाज आला. "नको असं कोण म्हणालं? त्या फोनवर बोट लागलं की अक्षरं पळत सुटतात रे. पण तू विषयच काढेनास. म्हटलं, कंटाळला असशील, कशाला भुणभुण लावायची."

"नाही गं, कंटाळतोय कसला," सर कसंबसं म्हणाले. मग त्यांनी मला उचलून मुठीत घेतलं. "माफ करा बाई, हा आता विकायचा नाही."

बाई ताडकन उठल्या. "भाव वाढवून हवा होता तर सरळ सांगायचं. बहिणीला फोनवर उभं करून नाटक कशाला?" आणि तरातरा निघून गेल्या.

मला त्या बाईंचा राग येत नाही. मनात आलं ते त्यांनी तोंडावर विचारलं. सर आणि ताई मात्र एकमेकांच्या मनातलं स्वतःच ठरवून गप्प बसले होते.

आता मी पुन्हा पेटीत आहे. सर दुसरी एखादी वापरलेली स्क्रीन शोधताहेत, अजून मनासारखी मिळाली नाही. मिळेल की नाही, मला शंकाच आहे. पण काल ताई येऊन पेटीवरून हात फिरवून गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणासाठी मांडलेलं काम अर्धवट पडलं असेल, तर ते मोडून विकण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. आम्हा सुट्या भागांना तोंड नसतं. तुम्हाला आहे.