रोजचं दळण

काशम्मा गेल्याचं गल्लीत कळलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. आठ घरांत तवे तापले होते, परातींत पीठ भिजवलेलं होतं. बायकांनी तवे उतरवले आणि पिठाचे हात तसेच घेऊन तिच्या नवऱ्याच्या, रुद्रप्पाच्या दारात आल्या. त्या दिवशी सात रस्त्यावरच्या सोमशेखरच्या दुकानात कडक भाकरी गेली नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

रुद्रप्पा कामाला होता ती सूतगिरणी बंद पडली त्या वर्षी काशम्मानं हा धंदा मांडला होता. आधी एकटीनं, मग शेजारणी जोडून. ज्वारी आणून दळायची ती, बायका आपापल्या घरी भाकरी थापून, वाळवून द्यायच्या, दुकानात माल पोचवायचीही तीच. रुद्रप्पानं अठरा वर्षं ती भाकरी खाल्ली. ती होते कशी, हे कधी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी सोमशेखर घरी आला. चहा नको म्हणाला. आता मशीनची भाकरी येते, सगळी एकसारखी गोल, सीलबंद पाकिटात. गिऱ्हाईक नाव आणि परवाना बघून घेतं, असं त्यानं खाली मान घालून सांगितलं. काशम्मासाठी तो आजवर थांबला होता. आणखी महिनाभर थांबतो, माल पहिल्यासारखा येऊ दे आणि पाकीट छापून घ्या, एवढंच त्याचं म्हणणं.

आठ बायकांचं काम जातंय म्हटल्यावर रुद्रप्पाला घरात बसवेना. घरात ज्वारीची चार पोती होती. त्यानं रिक्षा बोलावली आणि चारही पोती एका दिवसात दळून आणली. काशम्मा रोज सकाळी डबा घेऊन पिठाच्या गिरणीत जायची. तो तिला चिडवायचा, गिरणीत तुझा भाऊ बसलाय काय, रोज भेटायला जातीस? ती नुसती हसायची. आता रोजची खेप वाचली, असं त्यानं बायकांना सांगितलं. बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. मग त्या दिवसापुरतं पीठ घेऊन गेल्या.

आठवडाभर भाकरी बरी आली. मग थापताना कडा चिरायला लागल्या, तव्यावर टाकताना भाकरी मोडायला लागली. सोमशेखरनं एक अख्खा डबा परत पाठवला.

चंद्रिका, काशम्माची सगळ्यात जुनी जोडीदारीण, मोडक्या भाकरींचं ताट घेऊन आली आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"दाजी, ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाती. मग ते चिकटत न्हाय. म्हणून अक्का रोज दळायची. तिचा भाऊ नव्हता तितं."

रुद्रप्पा ताटाकडं बघत बसला. "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुमी लई दिवसांनी घराबाहेर पडला होता की."

शिळं पीठ उकळत्या पाण्यात भिजवलं तर घरापुरत्या भाकरी होतील, असं म्हणून तिनं ते आठ घरांत वाटून टाकलं. रुद्रप्पा दुसऱ्या दिवशी एसटीनं बार्शीला गेला आणि काशम्माच्या नेहमीच्या आडत्याकडून ज्वारी घेऊन आला. त्याच्या पुढच्या सकाळी तो डबा घेऊन गिरणीत उभा राहिला. गिरणीवाला चनबसप्पा त्याच्याकडं बघून पट्टा चालू करायचा थांबला.

"अक्का सांगायची, नवरा मला तिचा भाऊ म्हणतो म्हणून. द्या डबा, दाजी."

रुद्रप्पानं डबा पुढं केला आणि पीठ पडेपर्यंत तो तोंड रस्त्याकडं करून उभा राहिला.

आता भाकरी पहिल्यासारखी येते. सोमशेखरनं डबा परत पाठवलेला नाही. पाकिटावर काशम्माचं नाव घालायचं बायकांनी ठरवलंय. परवान्याच्या अर्जात मालक म्हणून चंद्रिकाचं नाव लिहावं असं रुद्रप्पा म्हणतो, ती म्हणते तुमचं लिहा. अर्ज देव्हाऱ्याशेजारी फळीवर आहे. सोमशेखरनं दिलेला महिना संपायला नऊ दिवस उरलेत आणि तो भरायचा राहिलाय.