दोन भाषांच्या वर्गातला टेप

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आवाज घोगरा झालाय, पण बोलायची हौस काही गेलेली नाही. बसा जरा, मित्रांनो. ऐकणारा मिळाला की मी आपला सुरू!

माझा जन्म कारखान्यातला, पण मी तो धरत नाही. मी खरा जन्मलो ते कागलच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावच्या शाळेत. त्या गावात निम्म्या घरांत मराठी बोलतात, निम्म्या घरांत कानडी. शाळा मात्र सगळी मराठी. कानडी घरातली लेकरं पहिलीत यायची आणि मुकाट भिंतीकडे बघत बसायची. म्हणून सरकारनं एक योजना काढली. पहिली-दुसरीला दोन भाषांचा एकच वर्ग. सकाळी कानडी, दुपारी मराठी, आणि प्रत्येक जोडीत एक मूल या भाषेतलं, एक त्या. त्या वर्गासाठी अनुदान आलं, एक जादा बाई आल्या आणि गाणी-गोष्टींच्या कॅसेटी घेऊन मी आलो.

मुख्याध्यापक आकाराम गुरुजींनी माझ्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, आणि मला कपाटात घालून कुलूप लावलं! सरकारी वस्तू, बिघडली म्हणजे उत्तर कोण देणार? गुरुजी मनानं चांगले, पण भित्रे. त्या जादा आलेल्या दानेश्वरीबाई नसत्या तर मी तिथंच म्हातारा झालो असतो.

बाई जयसिंगपूरच्या. घरी कानडी, बाहेर मराठी. त्या म्हणाल्या, "गुरुजी, ह्याला कोंडून ठिवला तर पोरं बोलायची कशी?"

"बाई, बिघडला तर?"

"तर माझं नाव सांगा की!"

तेव्हापासून मी त्यांचा झालो. दिवे गेले की सेलवर चालायचो. सेल उतरले आणि अनुदान लांबलं की पोरं सेल खिडकीत उन्हाला ठेवायची. ते ऊन पोटात घेऊन मी पुन्हा दोन गाणी म्हणायचो.

एका वर्षी श्रीशैल नावाचा मुलगा आला. घरी सगळी कानडी. तहान लागली तरी मागायचा नाही बिचारा. त्याचा थोरला भाऊ असाच गप्प बसून बसून तिसरीत शाळा सोडून शेतावर गेलेला. बाईंनी त्याच्या शेजारी वर्षाराणीला बसवलं. ही गवळ्याघरची, तोंडाची मोठी फटकळ. दोघं पेरूच्या फोडीवरून भांडायची; ती मराठीत, तो कानडीत. वर्ष संपेपर्यंत ती कानडीत भांडायला लागली आणि तो मराठीत. मला ती दोघंही फार आवडायची.

पुढच्या वर्षी पहिलीपासून इंग्रजी आलं आणि कानडीऐवजी तेच शिकवा अशी गावात कुरबूर सुरू झाली. तालुक्याचे साहेब येऊन सांगून गेले, दोन्हीकडच्या पालकांची मान्यता नसेल तर जूनपासून अनुदान बंद. म्हणजे वर्ग बंद, बाई घरी. आणि श्रीशैलची धाकटी बहीण जूनमध्ये पहिलीत यायची होती. तिनंही भिंतीकडेच बघत बसायचं का?

पालकसभा भरली. वर्षाराणीचे वडील पिराजी उठले. "आवो बाई, आमच्या पोरास्नी कानडी घिऊन काय करायचं हाय? सरकारचा पैसा हाय तर विंग्रजी शिकवा की!"

श्रीशैलचे आजोबा भरमाप्पा तडकले. "मग आमच्या पोरांनी मुकं बसायचं व्हय?"

बाई वाद घालत बसल्या नाहीत. मला टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आधी एवढं ऐका, मग हात वर करा."

त्यांनी मुलांना शेजारच्याच्या भाषेत घरची एकेक गंमत सांगायला लावली होती आणि मी ती टिपून घेतली होती. बटण दाबलं. एक मुलगी खणखणीत कानडीत सुरू झाली. कानडी मंडळी पोट धरून हसायला लागली.

"काय म्हंती ती?" पिराजींनी विचारलं.

भरमाप्पा डोळे पुसत म्हणाले, "म्हशीनं बाबाला लाथ घातली, बाबा शेणात पडला. उठून म्हशीलाच म्हंतोय, तुला लागलं न्हाय न्हवं?"

पिराजी तर गडगडून हसले. "कुणाचा बाप ह्यो? असलं येडं कुठलं!"

"आमच्यातलीच कुणाची तरी पोर हाय," भरमाप्पा म्हणाले.

बाई हळूच म्हणाल्या, "पिराजीभाऊ, ती तुमची वर्षाराणी हाय."

परक्या भाषेत लेकीचा आवाजही त्यांना ओळखू आला नव्हता. पिराजींचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा माणूस मला उचलून आपटणार! पण ते उठून माझ्याजवळ आले आणि खाली उकिडवे बसले.

"परत लावा."

मी परत बोललो. या खेपेला ते हसले नाहीत. माझ्या जाळीला कान लावून, एक अक्षरही कळत नसताना, त्यांनी आपल्या लेकीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

"माझी पोर म्हंतीय, आन् मला भरमाप्पाला इचारायला लागतंय," ते म्हणाले, आणि सगळ्यांत आधी हात त्यांचाच वर गेला.

वर्ग राहिला. श्रीशैलची बहीण त्यात शिकली, आणि आल्या दिवसापासून इतकी बडबडी की बाईंना तिला गप्प करावं लागायचं. पुढे काही वर्षांनी योजना गुंडाळली गेली, बाई दुसऱ्या शाळेत गेल्या आणि मला कुणी विचारेना. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मित्रांनो, कॅसेट फिरवणारा माझा पट्टा झिजलाय, तो बदलला की मी पुन्हा बोलेन. पण तुमच्या वर्गात कुणी गप्प बसलेलं असेल, तर त्याला काही येत नाही असं धरून चालू नका. त्याच्या जवळ सरका. त्याच्या घरी काय म्हणतात ते विचारा, आणि चुकत का होईना, त्याच्याशी तसं बोला. तो आधी तुम्हाला हसेल. हसू द्या. हसला म्हणजे आता बोलेल.