खून कुत्र्याने केलाय

मुलं दुसऱ्या भाषेतली पुस्तकं वाचत नाहीत, हा शोध मुख्याध्यापकांना एका प्रशिक्षणात लागला. तिथून येताना ते प्रेरणा घेऊनच आले. प्रेरणा म्हणजे सोनेरी कागदाचे तारे. पुस्तक वाचलं की प्रश्नपत्रिका, ती सुटली की छातीवर तारा. थोड्याच दिवसांत वर्ग लखलखायला लागला. मुलांना प्रत्येक पुस्तकाचं मागचं मुखपृष्ठ तोंडपाठ होतं आणि आतली पानं करकरीत होती.

ती भाषा शिकवणाऱ्या बाईंना हे बघवेना. त्यांनी आठवड्यातला एक शेवटचा तास मागून घेतला. तारे नाहीत, प्रश्न नाहीत, शब्दकोश तर नाहीच. हवं ते पुस्तक घ्या, शब्द अडला तर अंदाज बांधा आणि पुढे चला.

"चला," मुख्याध्यापक म्हणाले. "पण सत्र संपताना मी स्वतः येऊन अर्थ विचारणार. नाही सांगता आला, तर तास व्याकरणाला."

बाईंचा जीव त्या एका तासात अडकला होता. बाकी आठवडा त्यांनी क्रियापदं चालवण्यातच घालवलेला असे.

सुरुवातीला मुलांनी पुस्तकं उघडली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मग एके दिवशी मागच्या बाकावरची चिमणी किंचाळली. हे टोपणनाव तिला ती कधी चिवचिवतच नाही म्हणून पडलं होतं.

"बाई! खून कुत्र्याने केलाय!"

झालं. जो तो त्या पुस्तकावर तुटून पडला. मुखपृष्ठ गेलं, शिवण उसवली. कुत्रा दुधात विष कालवेल कसं, यावर मधल्या सुट्टीत हमरीतुमरी झाली. "शिकवलेला असेल," हे एका गटाचं मत. "मग शिकवणारा कोण?" म्हणून दुसरा गट पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागला.

मुलांनी अंदाजाने ज्याचा 'कुत्रा' केला होता, त्या शब्दाचा अर्थ घरगडी, हे बाईंना माहीत होतं. पण अख्खा वर्ग वाचतोय म्हटल्यावर त्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

सत्र संपताना मुख्याध्यापक आले. "काय रे, खुनी कोण?"

"कुत्रा!" वर्ग एका सुरात म्हणाला.

बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कुत्रा विष कालवतो?"

"तिथे जरा शंका आली होती, सर," चिमणी उठून म्हणाली. "पण बघा ना. घंटा वाजली की येतो. दारातच उभा राहतो. सगळ्यांचं झालं की उरलेलं खातो. आणि अख्ख्या पुस्तकात त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. माणूस असता तर नाव नसतं का?"

"अज्ञान! निव्वळ अज्ञान!" मुख्याध्यापकांनी दाराकडे तोंड केलं. "अरे ए! कोण आहे रे तिकडे? कोश आण!"

शाळेचे शिपाई कोश घेऊन आले आणि तो देऊन दारातच उभे राहिले. मुख्याध्यापकांनी बोट थुंकीने ओलं करून शब्द शोधला.

"हे बघा. घरगडी. माणूस आहे, माणूस!"

वर्गाने पुस्तकाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"सर," चिमणीने विचारलं, "यांचं नाव काय?"

मुख्याध्यापकांनी तोंड उघडलं. या शाळेत त्यांचे स्वतःचे केस पिकले होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई रोज 'मामा, खडू आणा,' 'मामा, पंखा बघा,' म्हणत आल्या होत्या. त्यांची मान आपोआप खाली गेली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"खून का केला ते शेवटच्या पानावर आहे, सर," चिमणीने मदत केली. "वाचू?"

मुख्याध्यापकांनी दारातल्या माणसाकडे चोरून एक नजर टाकली. आजचा दुपारचा चहा त्यानेच आणून दिला होता.

"काही गरज नाही! तास बंद. मुलांना अर्थ कळत नाही, हे सिद्ध झालं." मग शिपायाला म्हणाले, "कपाटाला कुलूप लाव, आणि किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेव." इतक्या वर्षांत प्रथमच ते दारातून अंग चोरून बाहेर पडले.

मामांनी पुस्तकं गोळा केली, कपाटात लावली, कुलूप घातलं. जाताना ते मागच्या बाकापाशी थांबले. किल्ली त्यांनी चिमणीसमोर ठेवली आणि मग तिला आपलं नाव सांगितलं.