कपाळ कोरं म्हणून

बनशंकरी भागातल्या आमच्या उदबत्तीच्या कारखान्यात एकतीस वर्षं बायकांवर माझा शब्द चालला. शुक्रवारी पूजा झाली की प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू. मुबीना प्रसादाचं खोबरं घ्यायची, कुंकवाला हात जोडून मागे सरायची. नऊ वर्षं कुणाचं काही अडलं नाही. मग म्हाताऱ्या मालकांच्या खुर्चीत त्यांचा अभिराज बसला.

"गोजराक्का, देवाची उदबत्ती आहे. कोऱ्या कपाळाची बाई नको."

"मग मला आधी काढ," मी म्हटलं. नवरा गेल्यापासून माझं कपाळ कोरंच.

"तुमचं वेगळं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने इंग्रजी कागद पुढे केला. हजेरीचा आहे म्हणे, सही करा. मला सही तेवढी येते. बाकीचं येत नाही, हे बायकांपुढे कबूल करणारी मी नव्हे. चष्मा लावला, कागदावरून वर-खाली नजर फिरवली, सही ठोकली. आठवड्याने मुबीनाला काढलं.

तिने कामगार खात्यात तक्रार केली. सुनावणीला साहेबांनी तोच कागद कन्नडात वाचला. मुबीनाचं काम मंद, माल मोडते, असं म्हणे मीच लिहून दिलेलं.

"वाचून सही केलीत?"

मागे कारखान्याच्या चार पोरी बसलेल्या, माझ्याच हाताखाली शिकलेल्या.

"मला वाचता येत नाही," मी म्हटलं. "हिच्याइतकी सरळ काडी तिथे कुणी वळत नाही. कुंकू लावत नाही म्हणून काढलंय."

अभिराजचा वकील गालात हसला. "आज वाचता येत नाही, उद्या ऐकू येत नाही म्हणतील."

"तुझं ऐकू आलं, म्हणून तर वाईट वाटतंय," मी म्हटलं.

साहेबांनी माझा जबाब उतरवला. मी तो मोठ्याने वाचून दाखवायला लावला. कुंकवाचं वाक्य त्यात नव्हतंच.

"त्याला पुरावा नाही, अक्का."

"मग मी मघापासून काय बोलतेय? लिहा. तोवर सही नाही."

लिहिलं त्यांनी, तोंड वाकडं करून. तीन महिन्यांनंतरची तारीख दिली.

आम्ही दोघी बसस्टॉपवर पोचतो तोच मला अभिराजचा फोन आला. वय झालं तुमचं, उद्यापासून घरी आराम करा.

"तुझ्यापायी माझं काम गेलं," मी मुबीनाला म्हटलं.

ती म्हणाली, "अक्का, त्या दिवशी मला हाक मारली असतीत, तर मीच वाचून दाखवला असता तो कागद."

बस आली. ती चढली. मी पुढची धरली.